गाडीवानाचा उजवा

इंजिन सुरू झालं तेव्हा मी माझं पुस्तक शोधत होतो.

तालुक्याच्या वाचनालयाचं पुस्तक होतं, हिमालयातल्या पायी प्रवासाचं. ते परत करायची त्या दिवशी शेवटची तारीख होती. साडेपाचच्या बसने जायचं आणि ते बदलून आणायचं, असा बेत होता. पण टेबलावर ते नव्हतं, पिशवीत नव्हतं. सकाळी काखेत होतं, एवढंच आठवत होतं.

खिडकीतून पाहिलं तर विमान शेडसमोरून धावपट्टीकडे निघालं होतं. पुढच्या खुर्चीत कॅप्टन वालावलकर, मागच्या खुर्चीत आहेरमिस्त्री. मिस्त्रींनी मला हात केला. मीही केला. मग धुळीत ते दोघे दिसेनासे झाले आणि मी पुन्हा पुस्तकाच्या मागे लागलो.

ही एकोणीसशे शहात्तरच्या मार्चमधली गोष्ट. आता त्या भागात विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने झाले आहेत, पांढऱ्या कोटातली मुलं काचेआड काम करतात असं ऐकतो. तेव्हा खडकमाळावर आमची एक पत्र्याची शेड होती. तिच्यात पिकांवर फवारणी करणारी आणि शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं दुरुस्तीला यायची. पंधरा-वीस माणसं होतो. मिस्त्री काम करायचे, कॅप्टन ते विमान उडवून बघायचे, आणि मधे मी. मी तपासनीस होतो. शब्द मोठा आहे. काम एवढंच, की दुसऱ्याने केलेलं डोळ्यांनी पाहायचं आणि खाली सही करायची.

मला ते काम कसं मिळालं याचं मलाच नवल वाटे. माझे वडील सोनार. एकच मणी तीन-तीनदा तोलायचे आणि तरी गिऱ्हाईक गेल्यावर पुटपुटत बसायचे. त्यांचा हात माझ्यात आला नाही, पुटपुटणं तेवढं आलं. सही केल्यावरही मी परत जाऊन बघायचो. शेडमध्ये माझं नाव विसपुते मास्तर, कारण हातात कायम पुस्तक. पाठीमागे मात्र सगळे मला शंकासुर म्हणत.

आणि जानेवारीत त्या नावाला कळस चढला. एका विमानाचा पंख हलवला की आत काहीतरी खुळखुळतंय, असं मला वाटलं. मी विमान अडवलं. दोन दिवस खर्ची घालून पंखाच्या सांगाड्यावर ताणलेलं खालचं कापड उसवलं, तर आतून चिंचोका पडला. एक चिंचोका. शेडबाहेर चिंचेचं झाड होतं, उंदराने नेऊन टाकला असेल. सगळी शेड हसली. मॅनेजर बोधनकर हसले नाहीत. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "विसपुते, पुढच्या वेळी शंका आली तर आधी दोनदा विचार करा. आणि मग गप्प बसा."

त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या टेबलावर एक चिंचोका ठेवलेला असे. नीट, मधोमध. कोण ठेवायचं ते मला कळलं नाही. मी तो खिशात टाकायचो आणि घरी जाताना ओढ्यात फेकायचो. कुणाला विचारायचं धाडस नव्हतं. विचारलं तर आणखी हसतील, एवढं मला समजत होतं.

आहेरमिस्त्री तसे माझ्याशी बरे वागत. देवळ्याकडचे शेतकरी, माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठे. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनावर कान ठेवून कुठल्या नळीत बिघाड आहे ते सांगायचे. कामावर लागलो त्या आठवड्यात त्यांनीच मला पहिला धडा दिला होता. विमानाचं डावं-उजवं नेहमी वैमानिकाच्या बसण्यावरून धरायचं, बघणाऱ्याच्या उभं राहण्यावरून नाही. ते म्हणायचे, "गाडीवानाचा उजवा, तो उजवा बैल. समोरून येणाऱ्या पाव्हण्याने आपला उजवा सांगू नये." शेडमध्ये ती म्हणच झाली होती. नवीन माणूस चुकला की कुणीतरी ओरडे, "गाडीवानाचा, लेका, गाडीवानाचा."

त्या दिवशी ज्या विमानाची चाचणी होती, त्याच्या खुर्चीखालच्या दोन केबली मिस्त्रींनी बदलल्या होत्या. पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, एक-एक हलती फळी असते. वैमानिकाने पुढ्यातली दांडी उजवीकडे लोटली की उजव्या पंखाची फळी वर जाते, डाव्याची खाली, आणि विमान उजवीकडे कलतं. दांडी आणि फळ्या यांच्यामधे त्या केबली. जुन्या झिजल्या होत्या. मिस्त्री दोन दिवस खुर्चीखाली उताणे पडून काम करत होते. सकाळी ते खुर्चीत बसले आणि त्यांनी दांडी उजवीकडे घेतली. म्हणाले, "उजवं." मी पाहिलं आणि म्हटलं, "उजवं वर." मग डावं. मग मी सही केली.

आमच्याकडे एक रिवाज होता. ज्याचे हात लागले त्याने चाचणीच्या वेळी मागच्या खुर्चीत बसायचं. कुणी लिहिलेला नियम नव्हता, पण मिस्त्रींनी तो कधी मोडला नाही. म्हणत, स्वयंपाक करणाऱ्याने आधी घास घ्यावा.

पुस्तक शेवटी शेडमध्ये सापडलं. दाराशी एक रिकामं पिंप असायचं. तपासणीला मी नेहमी त्या पिंपाजवळ उभा राहायचो, पुस्तक त्यावर ठेवायचो, म्हणजे हात मोकळे राहत. तिथेच ते होतं. उचललं तर पुठ्ठ्यावर काळ्या तेलाचा थेंब पडलेला. वाचनालयाच्या बाई आता काय म्हणतील, हा पहिला विचार. रुमालाने पुसायला गेलो तर डाग आणखी पसरला. वर पाहिलं. तेल कुठून आलं?

पिंपाच्या पायाशी पत्र्याचं तसराळं होतं. इंजिनातून ठिबकणारं तेल जमा व्हावं म्हणून विमानाच्या नाकाखाली ठेवतात ते. त्यात तेल होतं.

मी ते तसराळं बघत उभा राहिलो. ते तिथे कसं, असा प्रश्न पडला. विमान शेडमध्ये घेतलं की त्याचं नाक आतल्या भिंतीकडे असतं आणि शेपूट दाराकडे. म्हणून मी दाराशी उभा राहायचो. शेपटामागे उभं राहिलं की माझा उजवा तो विमानाचा उजवा, चुकायला जागाच नको. तसराळं आत भिंतीशी हवं होतं.

मग आठवलं. आदल्या दुपारी वावटळ आली होती, आणि दुसरं विमान घाईने आत घ्यायला जागा करताना ह्याला फिरवून उलटं, शेपटाकडून आत ढकललं होतं. सकाळी त्याचं नाक दाराकडे होतं. मी ते पाहिलंही होतं. नाकाला हात लावून गेलो होतो. आणि तरीही माझ्या नेहमीच्या जागी, पिंपाजवळ जाऊन उभा राहिलो होतो.

मी समोर उभा होतो. समोरून येणारा पाव्हणा होतो.

मी तिथेच हात पसरून पाहिले. मिस्त्री म्हणाले होते, उजवं. माझ्या उजव्या हाताकडची फळी वर गेली होती. ते मला स्पष्ट आठवत होतं, त्या पंखावर ऊन पडलं होतं, शेडच्या दारातून आलेलं. माझा उजवा हात म्हणजे त्यांचा डावा पंख. म्हणजे दांडी उजवीकडे घेतल्यावर डावी फळी वर गेली होती.

म्हणजे केबली एकमेकींच्या जागी बसल्या होत्या. उताणं पडून काम करणाऱ्या माणसाचंही डावं-उजवं फिरतं.

किंवा मला चुकीचं आठवत होतं. हे मी लगेच स्वतःला सांगितलं. ऊन कालचं असेल. मी बोललो ते सवयीने बोललो असेन, पाहिलं असेल निराळं. मी गाडीवानाचा हिशेब मनात करूनच उत्तर दिलं असेल, आणि आता ते विसरलो असेन. इतकी वर्षं डावं-उजवं धरतोय, माझ्या हातून असं होईल का? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, तुझ्याच हातून होईल.

विमान जमिनीवर आहे तोवर याचा काही त्रास नाही. चाकं जमिनीला धरून असतात. कॅप्टन उडण्याआधी दांडी चारी बाजूंना फिरवून बघायचे, पण ती मोकळी फिरते ना, एवढंच. मान वळवून फळीकडे कोण बघतं, खाली विसपुत्यांची सही असताना? चाकं सुटली की मात्र वाऱ्याने विमान जरासं डावीकडे कलणार. कुठलंही विमान कलतं. कॅप्टन सावरायला दांडी उजवीकडे लोटणार, आणि ते आणखी डावीकडे कलणार. ते आणखी जोरात लोटणार. वीस-पंचवीस फुटांवर.

फोन मॅनेजरच्या खोलीत होता, पण पट्टीवर फोन उचलायला कुणी नव्हतं. जीप स्टेशनवर गेली होती. लाल निशाण घेऊन उभा राहणारा राखणदार पट्टीच्या पलीकडच्या टोकाला शेळ्या हाकत होता, ठिपक्याएवढा दिसत होता. विमान अलीकडच्या टोकाशी उभं राहून इंजिन तापवत होतं. सात-आठ मिनिटं तरी तापवावं लागतं. आवाज एकसारखा येत होता. शेडपासून ते टोक पाच-सहाशे पावलं.

मी निघालो.

शेडबाहेर चिंचेखाली चार-पाच जण चहा पीत बसले होते. मी त्यांच्यासमोरून गेलो. कुणीतरी विचारलं, मास्तर, इकडे कुठे, बस तर त्या बाजूला. मी काहीतरी पुटपुटलो. पुस्तक हातातच होतं. मला आठवतं, जाताना मी मनात वाक्य जुळवत होतो. साहेब, एक शंका आहे. नाही, शंका हा शब्दच नको. साहेब, एकदा बघून घेऊ का? साहेब, वाटेत होतो म्हणून आलो. चुकीचं निघालं तर परत येताना याच चिंचेखालून यायचं होतं. उद्या टेबलावर एक चिंचोका नसता, मूठभर असते. आणि मॅनेजरसाहेबांनी मला दुसरीकडे नोकरी बघायला सांगितलं असतं, याची मला खात्री होती. घरी आई होती, बहिणीचं ठरायचं होतं.

ऊन कडक होतं. माळावरचं गवत वाळून कोळ झालेलं, पायाखाली करकरत होतं. विमान मोठं होत होतं. मागच्या खुर्चीतलं मिस्त्रींचं डोकं मला दिसलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांनी ओळखलं.

मग इंजिनाचा आवाज बदलला.

तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. ब्रेक सुटले. विमान जागेवरून हललं, वळून पट्टीच्या तोंडाशी आलं. मी धावलो. शाळेतसुद्धा कधी धावलो नव्हतो तसा धावलो. एक चप्पल गेली, गवतातले सराटे पायात घुसले, ते नंतर कळलं. तिरका कापत पट्टीवर गेलो आणि विमानासमोर, पट्टीच्या मधोमध, पुस्तक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिलो.

अशा विमानाचं शेपूट जमिनीला टेकलेलं आणि नाक वर असतं, वैमानिकाला सरळ समोरचं दिसत नाही. हे मला माहीत होतं. उभा राहिल्यावर आठवलं.

विमान माझ्याकडे येत होतं. नाकावरचा पंखा फिरताना दिसत नाही, नुसतं धुरकट वर्तुळ दिसतं, आणि ते मोठं होत जातं. बाजूला व्हावं असं मनात आलं, पण पाय हलेनात. त्याला मी शौर्य म्हणणार नाही. मग ते वर्तुळ वाकडं झालं, विमान झोकांडी खाऊन जरासं तिरकं झालं आणि पंधरा-वीस पावलांवर थांबलं. कॅप्टननी बाजूने डोकं बाहेर काढलं होतं. ते ओरडत होते, पण इंजिनापुढे ऐकू येत नव्हतं.

मी हाताने दांडीची खूण केली. उजवीकडे, उजवीकडे. त्यांना कळलं. रागाने त्यांनी दांडी उजवीकडे आदळली आणि तशीच धरून ठेवली, घे, बघ.

मी बघितलं. आणि मला काही कळेना. समोरून बघत होतो ना. माझा उजवा, त्यांचा डावा, ऊन, सकाळची शेड, सगळं डोक्यात एकमेकांवर पडलं. मला डावा-उजवा सांगता येईना. मग मला एकच सुचलं. मी पाठ फिरवली. फिरत्या पंख्याकडे पाठ केली, विमानाचं तोंड जिकडे तिकडे माझं तोंड केलं, आणि उजवा हात आडवा पसरला. हा गाडीवानाचा उजवा. पंख्याच्या ओढीने सदरा मागे खेचला जात होता. मान वळवून खांद्यावरून पाहिलं.

माझ्या उजव्या हाताच्या रेषेतल्या पंखाची फळी खाली होती.

मिस्त्रींना माझ्या आधी कळलं असावं. ते माझ्या पसरलेल्या हाताकडे बघत होते, मग पंखाकडे, मग पुन्हा हाताकडे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढे वाकून कॅप्टनच्या खांद्याला हात लावला. कॅप्टननी मान वळवून पहिल्यांदाच पंखाकडे पाहिलं. दांडी डावीकडे नेली, उजवीकडे नेली. फळी उलट्या बाजूला हलत राहिली.

इंजिन बंद झालं. एवढी शांतता मी माळावर कधी ऐकली नव्हती. कुठेतरी चंडोल ओरडत होता.

कॅप्टन बराच वेळ खाली उतरले नाहीत. कमरेचा पट्टा त्यांना सोडवता येईना. मिस्त्रींनी मागून येऊन सोडवला. मग कॅप्टननी मला विचारलं, "सकाळी हे तपासलं कोणी?"

"मी."

"आणि आता थांबवलं कोणी?"

"मी."

ते खाली उतरले. मग म्हणाले, "त्या दोघांनाही आज घरी जाऊ द्या."

पुस्तकाचा दंड भरला. मॅनेजरसाहेबांनी मला शिक्षा केली नाही, उलट सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. पुढे नियम झाला, विमान कसंही उभं असो, तपासणाऱ्याने शेपटामागेच उभं राहायचं, आणि एकाच्या सहीवर विमान सोडायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर चिंचोका आला नाही. मला वाटलं, माझा मान वाढला. निवृत्तीच्या समारंभातही हीच गोष्ट सांगितली गेली, शंकासुराने दोन माणसं वाचवली. मी खाली मान घालून ऐकली. लोकांना तो विनय वाटला.

मिस्त्री मात्र त्यानंतर माझ्याशी कमी बोलू लागले. केबली त्यांनी उलट बसवल्या, त्याची लाज वाटत असेल, अशी मी समजूत करून घेतली. वर्षभराने ते काम सोडून गावी डाळिंबं लावायला गेले.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचा फोन आला. आबांना दिसत नाही आता, तुमची आठवण काढतात. मी गेलो. ओट्यावर बाजेवर बसले होते. आवाजावरून ओळखलं, जवळ बसवून घेतलं, कुठली पुस्तकं वाचता विचारलं. कॅप्टन गेल्याचं मी सांगितलं. सुनेने चहा आणला. ती आत गेल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मला एक विचारायचंय. बरीच वर्षं झाली."

"विचारा की."

"तुम्ही चालत येत होतात."

मी कप खाली ठेवला.

"मी बघितलं ना मागं वळून. साहेबांनी पण बघितलं. म्हणाले, तो विसपुते इकडे येतोय का, थांबू का जरा? मी बघितलं तर तुम्ही चालत येताय, हातात पुस्तक. वाचनालयात चालल्यागत. मी म्हटलं, चालत येतायत, काही नसंल. चला साहेब." त्यांनी बशी चाचपून खाली ठेवली. "माझ्याच तोंडानं म्हटलं. चला. तुम्ही पळत आला असतात, तर मी जागेवरनं हलू दिलं नसतं. तर एवढंच, की चालत का येत होतात?"

इतक्या वर्षांत हे कुणीही विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. काहीतरी सांगता आलं असतं, पाय मुरगळला होता, ऊन होतं. त्या माणसाला दिसत नव्हतं, त्याच्यासमोर खोटं बोलणं सोपं होतं. पण त्याने तोंड माझ्याकडे वळवलं होतं आणि तो वाट बघत होता.

"चिंचोके," मी म्हणालो.

मळ्यात पाण्याची मोटर चालू होती, ती बंद पडली. मग त्यांनी बाजेवर हात फिरवत माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"ते मी ठेवायचो, मास्तर."